तार तुटली, दोरी कुणाच्या हातात?

पाकिटातलं मेट्रो कार्ड काढा आणि एकदा नीट बघा. गेटवर टेकवलं की 'टुक्' होतं, पैसे कापले जातात, दार उघडतं. कार्डात चिप आहे. ती हिशेब करते, गेटशी बोलते. पण बॅटरी? ती नाहीच. कार्डाच्या कडेने आतून बारीक तारेचे वेढे दिलेले असतात. गेटमधल्या कॉइलभोवती सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र असतं. कार्ड जवळ गेलं की त्या वेढ्यांत वीज तयार होते आणि चिप क्षणभर जागी होते. बारावीच्या फिजिक्समध्ये पाठ करून विसरलेला फॅरेडे, त्याचा १८३१ सालचा शोध, रोज आपल्यासाठी दार उघडतो. आपण तेव्हा इन्स्टावर असतो, ते सोडा.

आता समजा, अशीच बाहेरून वीज घेऊन एखादी वस्तू नुसता हिशेब न करता हललीसुद्धा तर? वाकली, सरपटली, काहीतरी पकडलं तर? जगभरातल्या रोबोटिक्सच्या प्रयोगशाळांत गेली काही वर्षं हाच खटाटोप चालू आहे. सॉफ्ट रोबो, म्हणजे रबरासारख्या मऊ अंगाचे रोबो, आणि त्यांना बाहेरून बिनतारी ऊर्जा. विषय भारी आहे म्हणून आज इथे घेतला, हे खरंच. पण त्याहून मोठं कारण असं, की यातल्या बऱ्याच रोबोंना शेवटी माणसाच्या पोटात, रक्तवाहिनीत, हृदयापाशी जायचं आहे. आणि त्यांना ऊर्जा देणारी बाहेरची पेटी कुणाच्या ताब्यात असणार, हे विचारताना फारसं कुणी दिसत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ, मग भांडू.

रोबो म्हटलं की आपल्या इंजिनीअरिंगवाल्या दोस्तांना रोबोकॉन आठवतं. २०१४ साली तर आशिया-पॅसिफिक देशांची ती स्पर्धा पुण्यात, बालेवाडीलाच झाली होती. तिथला रोबो म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, मोटर, चाकं, पोटात लिथियमची बॅटरी आणि आदल्या रात्री जळालेला मोटर ड्रायव्हर. गडी ताकदवान, पण त्याच्या हातात पिकलेला टोमॅटो द्यायची हिंमत होत नाही. सॉफ्ट रोबोची जातच वेगळी. गोगलगाय, गांडूळ, हत्तीची सोंड यांच्यात हाड नाही, तरी कामं अडत नाहीत. तीच कल्पना सिलिकॉन रबरात उतरवायची. रोबोला हलवणारा जो भाग, ज्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात, म्हणजे साध्या भाषेत रोबोचा स्नायू, तोही मऊ किंवा निदान लवचीक करायचा. हवा भरली की फुगून वाकणारी पोकळी, तापली की आक्रसणारी तार, चुंबकाच्या ओढीने वळणारं रबर, असे त्याचे नाना प्रकार.

गोची अशी, की अंग मऊ झालं तरी ऊर्जा देणारा भाग कडकच राहतो. २०११ साली हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने चार पायांचा एक मऊ रोबो केला. जेमतेम दोन सेंटिमीटरच्या फटीखालून तो अंग चोरून सरपटत पलीकडे गेला. व्हिडिओ बघायला मजा येते. फक्त त्याच्या अंगातून हवेच्या नळ्या बाहेर निघालेल्या दिसतात, सलाइन लावलेल्या पेशंटसारख्या. पुढे २०१४ साली हार्वर्डच्याच संशोधकांनी नळ्या काढल्या आणि पंप, बॅटऱ्या असा सगळा संसार रोबोच्या पाठीवर चढवला. तो बर्फात चालला, जाळावरून गेला, अंगावरून गाडी गेली तरी उठला. पण लांबी झाली ६५ सेंटिमीटर. एवढं धूड घेऊन कोणाच्या पोटात शिरणार?

२०१६ मध्ये हार्वर्डमधूनच ऑक्टोबॉट आला. आठ हातांचा, संपूर्ण मऊ, आत एकही बॅटरी नाही की सर्किट बोर्ड नाही. जखमेवर ओततात त्या हायड्रोजन पेरॉक्साइडचं जास्त तीव्र द्रावण आत, प्लॅटिनमवर त्याचा वायू होतो, तो वायू हातांत भरला की हात उचलले जातात. कोणते हात कधी उचलायचे, हेही आतल्या द्रवाच्या बारीक वाटाच ठरवतात. अफलातून काम. पण इंधन संपलं की काही मिनिटांत खेळ खल्लास.

बॅटरीच लहान करत का नाही नेत? कारण गणित घनाचं आहे. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी दहापट कमी केली की जागा हजारपट कमी होते, आणि साठणारी ऊर्जाही साधारण तशीच घटते. नखाएवढ्या रोबोत बसणारी बॅटरी त्याला फार काळ पळवू शकत नाही. म्हणून मग विचार असा झाला, की बॅटरी घरीच ठेवा, ऊर्जा बाहेरून पाठवा.

त्याच्या वाटा अनेक. प्रकाशाची वाट दिसायला सर्वांत देखणी. २०१६ साली वॉर्सा विद्यापीठात १५ मिलिमीटरचा एक सुरवंट केला गेला, ज्याच्या अंगावरून हिरव्या लेझरचा झोत फिरवला की तो आकुंचन पावत पुढे सरकतो. पण शरीराच्या आत खोलवर लेझर कसा नेणार, म्हणून ती वाट इथेच सोडू. चुंबकाची वाट जास्त उपयोगाची, कारण शरीर चुंबकीय क्षेत्राला फारसं अडवत नाही. जर्मनीत श्टुटगार्टच्या मॅक्स प्लांक संस्थेत मेटिन सिट्टी यांच्या गटाने २०१८ साली सिलिकॉनमध्ये चुंबकीय भुकटी मिसळून चार मिलिमीटरहूनही छोटी पट्टी केली. बाहेरचं क्षेत्र बदलत गेलं की ती चालते, लोळते, पोहते, उडी मारते, एखादी बारीक वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन टाकते. तिच्यात मेंदू नाही, वीज नाही, काहीच नाही. बाहुलीला अदृश्य दोऱ्यांनी नाचवावं तसा हा प्रकार.

मला स्वतःला मात्र तिसरी वाट सर्वांत हुशारीची वाटते. सतारीत वाजवायच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना बोट लागत नाही. पण वरच्या तारेवर जो स्वर वाजतो, त्या स्वरात लावलेली तरफेची तार आपोआप झणझणते, बाकीच्या गप्प राहतात. २०१७ साली हार्वर्डच्या मुस्तफा बोयवात, जे-संग को आणि रॉबर्ट वुड यांनी नेमकं हेच विजेत केलं. त्यांचे रोबो कागदी होडीसारखे घड्या घालणारे होते, म्हणजे सॉफ्ट रोबोंचे चुलतभाऊ म्हणा. प्रत्येक सांध्यात एक छोटं सर्किट, आणि प्रत्येक सर्किट वेगळ्या 'स्वरात' लावलेलं, म्हणजे त्याची फ्रिक्वेन्सी ठरलेली. बाहेरच्या मोठ्या कॉइलने एक फ्रिक्वेन्सी सोडली की त्या स्वराचा सांधा वीज घेतो, दुसरी सोडली की दुसरा. सांध्यात निकेल-टायटॅनियमची तार असते, नायटिनॉल म्हणतात तिला. ती वाकवली तरी मूळ आकार लक्षात ठेवते आणि तापली की त्या आकारात परत येते. तुमच्यापैकी कोणी दातांना ब्रेसेस लावले असतील, तर याच मिश्रधातूची तार बहुधा तुमच्या तोंडात राहून गेली आहे. तर ही तार तापते, आक्रसते, घडी मिटते. वीज थांबली की थंड होते, घडी उघडते. रोबोवर बॅटरी नाही, वायर नाही, आणि तरी कोणता सांधा हलवायचा हे बाहेरून निवडता येतं.

हे सगळं कशासाठी, याचं एक छान उदाहरण एमआयटीतलं. घड्याळातली किंवा खेळण्यातली बटण-बॅटरी लहान मुलं गिळतात. अमेरिकेतच दर वर्षी असे साधारण ३,५०० प्रकार नोंदले जातात. बॅटरी आत चिकटून राहिली तर आतलं अस्तर जाळते. २०१६ मध्ये डॅनिएला रूस यांच्या गटाने एक घडीचा रोबो दाखवला. सॉसेजला वापरतात त्या डुकराच्या आतड्याच्या वाळवलेल्या पापुद्र्याचा, आत इवलंसं चुंबक. कॅप्सूलमध्ये बर्फात गोठवून गिळायचा, बर्फ वितळला की घडी उलगडते, मग बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने त्याला चालवत बॅटरीपर्यंत न्यायचं आणि तिला सोडवून वाहून न्यायचं. त्यांनी हे कृत्रिम पोटात करून दाखवलं. बॅटरी काढायला बिनबॅटरीचा रोबो, ही यातली गंमत मला फार आवडली.

आता भांडणाचा मुद्दा.

आम्हाला मास कॉममध्ये हेडलाइन लिहायला शिकवतात. या विषयावरची हेडलाइन झोपेतही लिहिता येईल: 'आता रोबो शिरणार पोटात!' खाली फोटो बोटाच्या टोकावर ठेवलेल्या चिमुकल्या रोबोचा. फोटोत जे नसतं, ते म्हणजे कॉइल. चार मिलिमीटरच्या पट्टीला नाचवायला तिच्या कितीतरी पट मोठ्या कॉइल्स, त्यांना वीज देणारे अ‍ॅम्प्लिफायर, शेजारी कॉम्प्युटर लागतो. म्हणजे नळ्या आणि बॅटऱ्या गेल्या कुठे? कुठेच नाही, फ्रेमच्या बाहेर गेल्या.

आणि त्या फार लांब जाऊही शकत नाहीत. कॉइलपासून दूर गेलं की तिचं क्षेत्र झपाट्याने पडतं. जरा लांबवर गेल्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण एक अष्टमांशच उरतं. एमआयटीने २००७ साली दोन मीटरवरचा ६० वॅटचा बल्ब बिनतारी पेटवला तेव्हा जगभर बातम्या झाल्या, पण त्यातल्या कॉइल्स दोन-दोन फूट व्यासाच्या होत्या आणि वाटेत निम्म्याहून जास्त ऊर्जा वाया गेली होती. मग पॉवर वाढवा की! तर तिथे शरीर आडवं येतं. फोनवर स्टार हॅश शून्य सात हॅश डायल करा, 'एसएआर'चा आकडा दिसेल. भारतात फोनसाठी त्याची मर्यादा दर किलोला १.६ वॅट आहे, कारण रेडिओ लहरी शरीरात शिरल्या की थोडी उष्णता होतेच. शरीरातल्या यंत्राला वीज पाठवणाऱ्यालाही असल्या मर्यादा पाळाव्याच लागतात. म्हणजे आत यंत्र बसवलेल्या माणसाला बाहेरची पेटी कायम जवळ बाळगावी लागणार. तार तुटली, तरी माणूस पेटीला बांधलेलाच.

यात वाईट काही नाही. ही सोय जुनीच आहे. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला, तोसुद्धा बाहेरून कॉइलने चार्ज करायचा होता. तो काही तासच चालला. लार्सन यांना आयुष्यभरात वीसहून जास्त पेसमेकर लागले आणि ते २००१ पर्यंत जगले. आजही कानाने ऐकू न येणाऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट बसवतात, त्याच्या नेहमीच्या प्रकारात आतल्या भागाला बॅटरी नसते. कानामागे चुंबकाने चिकटणारी कॉइल त्वचेतून वीज आणि आवाजाचा संदेश दोन्ही आत पाठवते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांना हे इम्प्लांट मिळतं आणि त्या कामाची नोडल संस्था मुंबईतच, वांद्र्याला आहे, अली यावर जंग संस्था. चांगली योजना आहे. फक्त हे लक्षात घ्या, की आतला भाग बरीच वर्षं टिकतो. बाहेरचा प्रोसेसर मात्र पडतो, भिजतो, जुना होतो. नवा घ्यायचा तर खर्च लाखांच्या घरात. आणि एका कंपनीच्या इम्प्लांटला दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर चालत नाही. शाळेत मुलगी ऐकू शकणार की नाही, हे कानामागच्या त्या तुकड्यावर ठरतं.

कंपनीनेच हात वर केले तर काय होतं, तेही जगाने बघितलं आहे. कॅलिफोर्नियाच्या सेकंड साइट कंपनीने आर्गस-२ नावाचा कृत्रिम दृष्टिपटल बनवला. अमेरिकेत त्याला २०१३ साली मान्यता मिळाली. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला प्रोसेसर, चष्म्यावरच्या कॉइलमधून डोळ्यातल्या ६० इलेक्ट्रोडना वीज आणि संदेश. पूर्ण अंध झालेल्या माणसाला प्रकाशाचे ठिपके, दाराची चौकट, समोरून जाणारी आकृती जाणवायची. साडेतीनशेहून जास्त लोकांनी तो बसवून घेतला. २०१९ मध्ये कंपनीने हे उत्पादन थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी काढले. 'आयईईई स्पेक्ट्रम'ने २०२२ साली ही गोष्ट बाहेर आणली तेव्हा चित्र असं होतं: यंत्र डोळ्यात आहे, पण बाहेरचा भाग बिघडला तर दुरुस्त करणारा कोणी नाही. डोळ्यातलं यंत्र धडधाकट असूनही माणूस पुन्हा अंधारात. आयुष्यात दोनदा दृष्टी जाणं म्हणजे काय, मला खरंच कल्पना करवत नाही.

सॉफ्ट रोबो याच रस्त्यावर आहेत, फक्त काही वर्षं मागे. उद्या हृदयाला बाहेरून दाबून मदत करणारी मऊ बाही आली, मूत्राशयाला हात देणारा मऊ स्नायू आला, आणि तो बिनबॅटरीचा असला, तर त्याचा 'स्वर' कोणता, किती वीज, कोणता संदेश, हे फक्त एका कंपनीच्या कपाटात बंद असणार का? या पानाचं म्हणणं स्पष्ट आहे: नसावं. आणि हे यंत्र बाजारात आल्यावर नाही, आत्ता प्रयोगशाळेत असतानाच ठरायला हवं. लाखो लोकांच्या अंगात बसल्यावर प्लग बदलता येत नाही.

यावर एक शहाणा आक्षेप येतो, तो मान्य करायलाच हवा. फोनच्या वायरलेस चार्जिंगला 'ची' नावाचं समान प्रमाण आहे. २००८ मध्ये कंपन्यांचा संघ झाला, आणि हट्टी म्हणून प्रसिद्ध असलेलं अ‍ॅपलही २०१७ मध्ये त्यात आलं. पण फोन तापला तर फोन जातो. इम्प्लांट तापलं तर माणसाला भाजतं. त्यामुळे कुठलीही पेटी कुठल्याही इम्प्लांटला लावा, असं म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरेल. आतला आणि बाहेरचा भाग एकत्र तपासूनच मान्यता द्यावी लागते. ठीक. मग निदान एवढं तरी करा: मान्यता देतानाच बाहेरच्या पेटीचा सगळा तपशील नियामकाकडे सीलबंद ठेवून घ्या. कंपनी चालू आहे तोवर सील उघडायचं नाही. कंपनीने उत्पादन बंद केलं की उघडायचं आणि दुसऱ्या पात्र उत्पादकाला ती पेटी बनवू द्यायची. कंपनीचं गुपितही राहतं, पेशंटही वाऱ्यावर पडत नाही. काही आठवड्यांपुरतीच यंत्रं असतील त्यांना सूट द्या, हवं तर. २०२१ साली अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने शरीरात विरघळून जाणारा पेसमेकर केला, तो मेट्रो कार्डाच्याच एनएफसी तंत्राने वीज घेतो आणि काम झालं की उरतच नाही. अशासाठी कोण कशाला सील उघडायला जाईल?

आपल्याकडे याला जागा आहे. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ सालचे आहेत आणि एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. दुसरीकडे ग्राहक मंत्रालयाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आहेत, फ्रिज-टीव्हीसारख्या घरगुती वस्तू आहेत, गाड्या आहेत. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा हक्क हवाच, त्यावर वाद नाही. पण ज्या चार क्षेत्रांपासून सुरुवात केली, त्यांत माणसाच्या अंगात बसणारं यंत्र नाही.

आणि आपलं काय? दर वर्षी कॉलेजांच्या टेक फेस्टमध्ये आता सिलिकॉनचे मऊ ग्रिपर दिसायला लागलेत. साच्यात ओतलेलं रबर, इंजेक्शनची सिरिंज, सायकलचा पंप, आणि समोर अंडं उचलून दाखवणारा थर्ड इयरचा मुलगा. अशाच एका स्टॉलवर यंदा एका ग्रुपने वायरलेस कॉइलवर वळणारी नायटिनॉलची पट्टी मांडली होती. रिपोर्टची फाइल चाळली तर पट्टीचे बारा फोटो होते. टेबलाखाली ठेवलेल्या ड्रायव्हर सर्किटबद्दल एक ओळ: 'सप्लाय बाहेरून दिला आहे.' कॉइलचे वेढे किती, फ्रिक्वेन्सी कोणती, काहीच नाही. विचारलं तर म्हणाले, ते एका सीनियरने करून दिलं होतं, आता तो नोकरीला लागला बंगळूरला, फोन उचलत नाही.

म्हणून फायनल इयरवाल्यांना एक विनंती. सबमिशनच्या आधी फाइलला एक पान जोडा: वेढे, तारेची जाडी, फ्रिक्वेन्सी, ड्रायव्हरचं सर्किट, किती वेळात कॉइल किती तापते. गाइडने मागितलं नसलं तरी जोडा. आणि फोटो काढताना जरा मागे सरका, टेबलाखालची पेटीही फ्रेममध्ये येऊ दे.